फोन सुटतही नाही आणि बंदही ठेवता येत नाही, कुणाला जमलंय का?

गावभाग_सांगली · रात्री ११:५२

नमस्कार. लिहू का नको करत पंधरा दिवस गेले, आज लिहितेच. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी सांगलीत गावभागात राहते, वय ३९, एका पतसंस्थेत कॅशवर आहे. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत, घरात सासूबाई, मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. मुलांच्या मोबाईलबद्दल सगळेच लिहितात, माझा प्रश्न माझ्या मोबाईलचा आहे.

सुरुवात कुठून झाली ते मला पक्कं माहितीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा तळमजला पूर्ण पाण्यात गेला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, सासूबाईंना होडीतनं काढलं. २०२१ ला परत तीच पळापळ. तेव्हापासून जुलै लागला की फोन हातातनं सुटत नाही, कोयना धरणातनं किती पाणी सोडलं, आयर्विनला किती फूट झालं, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे आमच्याकडं तिसरीतल्या पोरालाही पाठ आहे. रात्री दोनला जाग येते, आकडा बघायला फोन उघडते, आकडा बघून होतो पण अंगठा थांबत नाही, एक रील, मग दुसरं, मग तीन वाजलेले असतात. पाणी दरवर्षी उतरतं पण ही सवय काही उतरली नाही, आता थंडीतसुद्धा दोनला जाग येते आणि हात आधी फोनकडं जातो.

मागच्या आठवड्याचा फोनचा रिपोर्ट बघितला, रोजचे ५ तास २० मिनिटं. त्यात कामाचा फार तर दीड तास.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. थोरली कबड्डी खेळते, चांगली खेळते. शाळेच्या संघात तिची निवड झाली म्हणून पालकांच्या सहीचा कागद तिनं मला दिला आणि मी "हो, करते सही" म्हणाले. हे ती सांगते म्हणून, मला आठवतसुद्धा नाही, तेव्हा हातात फोन होता. कागद पर्समध्ये आठ दिवस तसाच पडून राहिला, तारीख गेली, तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही, पण आता काही सांगायचं असलं की ती आजीकडं जाते.

आत्तापर्यंत चार वेळा इन्स्टा काढून टाकलं, चौथ्या पाचव्या दिवशी परत टाकलं. फोन मिस्टरांकडं देऊन बघितला, तर ते स्वतःच यूट्यूबवर. बंद ठेवायचा म्हटलं तर पतसंस्थेचा ग्रुप, शाळेचे दोन ग्रुप, भिशीचा ग्रुप, आणि पावसाळ्यात गल्लीचा पूर ग्रुप, तो बंद ठेवायची तर हिंमतच होत नाही. तुमच्यापैकी कुणाला खरंच जमलं असेल तर काय केलं ते सांगा. मनावर घेतलं की होतं एवढं मात्र सांगू नका, मनावर चारही वेळा घेतलं होतं.

कडेगावकर · सकाळी ७:१०

ताई, वाचून वाईट वाटलं. मी आपल्याच जिल्ह्यातला, कडेगाव तालुका. आमच्याकडं मोहित्यांचं वडगाव आहे, तुम्ही ऐकलं असणार, संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही मोबाईल बंद, ८:३० ला परत भोंगा झाला की चालू. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाला सुरू केलं त्यांनी. माझी बहीण तिथं दिलीय म्हणून जवळनं बघितलंय.

एक गोष्ट बाहेर नीट पोचलीच नाही. लोकांना वाटतं गावानं पोरांवर नियम घातला. कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन आला आणि शाळा उघडल्या तरी तो खाली ठेवला जाईना, सुरुवात त्यातनं झाली हे खरं, पण भोंगा झाल्यावर आईबापांनीपण बंद करायचं असतं. आधी बायकांची सभा घेतली, तिथं ठरलं, मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली होती.

बहीण म्हणायची की तिला जड गेलं नाही कारण शेजारणीचाही बंद असायचा. फोन उघडून बघणार काय, ग्रुपवर कुणी नसतंच. तुम्ही चार वेळा केलं ते एकटीनं केलं. घरात चौघांनी एक वेळ ठरवा, मिस्टरांनापण त्यात धरा, ते यूट्यूब लावून शेजारी बसले तर तुम्ही किती दिवस टिकणार.

मिरज_जंक्शन · सकाळी १०:३४

मी मोबाईल दुरुस्तीत आहे, १४ वर्षं झाली. ताईंनी जे "अंगठा थांबत नाही" लिहिलंय त्याबद्दल थोडं सांगतो कारण लोक स्वतःलाच दोष देत बसतात.

पूर्वी वेबसाईटवर खाली गेलं की पान संपायचं, पुढचं बघायला बटण दाबावं लागायचं. तिथं एक क्षण मिळायचा, आपण काय करतोय हे लक्षात यायला. २००६ मध्ये अझा रस्किन नावाच्या डिझायनरनं न संपणारं पान काढलं, खाली जाल तसं आपोआप पुढचं येत राहतं. नंतर त्यानंच जाहीरपणे बोलून दाखवलं की याचा त्याला पश्चात्ताप होतो. दुसरं म्हणजे दहा रील भिकार असतात आणि अकरावं एकदम मनाला भिडतं, ते कधी येईल सांगता येत नाही म्हणून माणूस ओढत राहतो, जुगाराच्या यंत्रात हीच गंमत असते. म्हणजे समोर मुद्दाम न थांबणारी वस्तू ठेवलीय आणि रात्री दोनला झोपेतल्या माणसानं ती थांबवायची.

आणि ताई, तारखा बघा. २०१९ च्या पुरात रील्स नव्हतीच आपल्याकडं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील्स आली, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स. म्हणजे पहिल्या पुरात तुम्ही आकडा बघून फोन ठेवत असणार, दुसऱ्या पुरापर्यंत त्याच फोनमध्ये हे येऊन बसलेलं. तुमचा स्वभाव बदलला नाही.

आता उपयोगाचं. ॲप काढून टाकू नका, तुम्ही परत टाकताच. इन्स्टातनं फक्त लॉगआऊट करा आणि पासवर्ड लांबलचक करून तो थोरलीकडं लिहून ठेवायला द्या. यूट्यूबमध्ये वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, मग पहिलं पान मोकळं दिसतं, जे पाहिजे ते शोधूनच बघावं लागतं, हे मिस्टरांच्या फोनवर आधी करा. व्हॉट्सॲपवर भिशी आणि बाकीचे ग्रुप कायमचे म्यूट करून आर्काईव्हला टाका. फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, त्यात बेडटाईम मोड आहे, स्क्रीन काळीपांढरी होते, रंग गेला की रील बघवत नाही, माझा स्वतःचा अनुभव. टायमर मात्र लावू नका, तो पुढं ढकलायला दोन सेकंद लागतात, मी कुणाचा टिकलेला बघितला नाही.

बागायतदार_तासगाव · दुपारी १:२०

वडगावचं काम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद न्हाई. पण प्रत्येकाला ते जमंल असं न्हाई हो. माझी चार एकर द्राक्षबाग. फळछाटणी झाली की पुढं पाऊस कधी येतोय, डावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) कुठं दिसला, कुणी काय फवारलं, सगळं ग्रुपवर. मागं एकदा कंटाळून संध्याकाळी फोन बंद करून झोपलो, रात्री पाऊस झाला, सकाळी ग्रुप उघडला तर लोकांनी पहाटंच औषध मारून घेतलेलं, मी उठून टाकी भरंस्तवर दुपार. त्या साली जे नुकसान झालं ते माझं मला म्हाईत. त्यामुळं गावभागच्या ताईंना फोन बंद करायची भीती वाटती ते मला समजतंय, ती भीती खोटी न्हाई.

मी काय केलं ते सांगतो. फोन घरात आला की त्याची जागा ठरलेली, दाराजवळच्या कोनाड्यात, चार्जरपण तिथंच, खोलीत एकपण चार्जर ठेवला न्हाई. आवाज मोठा. ज्याला खरंच गरज आहे तो फोन करतो. मेसेज बघायचा तर उठून कोनाड्याजवळ जायचं, उभ्यानं बघायचं, आणि फोन तिथंच ठेवायचा. उभ्यानं माणूस किती येळ रील बघंल, पाय दुखत्यात. बायको पोरं सगळी तसंच करत्यात. पोरगं पयल्या आठवड्यात लई चिडलं, तीन दिवस जेवताना बोललं न्हाई. मग आपोआप अंगणात जायला लागलं.

अजून एक, गजराचं घड्याळ घ्या शंभर दोनशे रुपयाचं. गजर फोनमधी हाय म्हणून फोन उशाशी, आणि उशाशी हाय म्हणून दोनला हातात.

गावभाग_सांगली · दुपारी ३:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेच्या दादा, तारखांचं तुम्ही लिहिलेलं वाचून मी ऑफिसात बसल्या जागी गप्प झाले, खरंय, २०१९ ला मी आकडा बघून फोन उलटा ठेवायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे.

कोनाड्याचं आजच करते, घड्याळपण घेते. पण रात्रीचं काय, फोन बाहेरच्या खोलीत ठेवला तरी जाग येणारच, आणि पावसाळ्यात आकडा नाही बघितला तर मला पडून राहवत नाही, छातीत धडधडतं. हे वाचायला वेडेपणाचं वाटेल.

चारभिंती_सातारा · सायंकाळी ५:४८

वेडेपणा अजिबात नाही बाई. मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक, वय ६७. आमच्या वयाची माणसं फोनवर किती असतात यावर कुणी बोलत नाही म्हणून माझंच सांगतो. पत्नी गेली त्यानंतर दीड वर्ष मी सकाळी पाचपासून व्हॉट्सॲपवर असायचो, सुप्रभात पाठव, फॉरवर्ड वाच, त्यावर वाद घाल, दुपारी बातम्यांचे व्हिडिओ, आणि दिवस संपला की वाटायचं आज आपण कुणाशी तरी बोललो का, तर तोंडातनं शब्द फुटलेला नसायचा. मुलगा पुण्याहून यायचा तर त्याच्यासमोरही खाली मान.

मला फोन सोडायला कुणी शिकवलं नाही, मला दुसरं काम मिळालं म्हणून तो सुटला, आणि सगळा सुटला असंही म्हणणार नाही. शेजारचे एक गृहस्थ रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालत जातात, ते एकदा ओढूनच घेऊन गेले. त्यांची अट एकच, फोन घरी. पहिले आठ दिवस मला खिशात काहीतरी हललं असं सारखं वाटायचं, हात खिशाकडं जायचा आणि खिसा रिकामा. वर पोचल्यावर खाली सगळं शहर दिसतं, तिकडं यवतेश्वराचा डोंगर, आणि पहिल्या दिवशी काय सुचलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकावा. फोन नव्हता म्हणून मग नुसतं बघत उभा राहिलो. संध्याकाळी आता चार भिंती स्मारकापाशी पाचसहा जण बसतो, गुडघे, पेन्शन, पाऊस, असल्याच गप्पा.

सांगायचं हे की पाच तास रिकामे केले तर त्यात काय घालणार ते आधी ठरवा. रिकामा वेळ फार बोचतो, पहिल्या चार दिवसांत विशेष, आणि तुम्ही लिहिलंयच की चौथ्या पाचव्या दिवशी ॲप परत येतं, ते त्यामुळंच असं मला वाटतं. सुट्टीत जमलं तर मुलांना घेऊन पाचगणीजवळ भिलारला या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घराघरात पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा, पैसे लागत नाहीत. माझ्या नातवानं तिथं अडीच तास फोन मागितला नाही, मी घड्याळ लावून बघितलं. घरी आल्यावर मागितला, ते सांगायला हवं.

आणि मुलीचं. तिच्याशी कबड्डीबद्दल बोलायला जा, माफी मागा, सरळ शब्दांत, "फोन बघत होते म्हणून मी तुझं ऐकलंच नाही" असं. मी पस्तीस वर्षं मुलांमध्ये काढली, मोठ्या माणसानं चूक कबूल केलेली त्यांना वर्षानुवर्षं आठवते.

अभ्यासिका_४२ · सायंकाळी ६:३०

एमपीएससी करतोय, विश्रामबागला अभ्यासिकेत असतो. टेलिग्रामवर नोट्स म्हणून फोन घ्यायचो आणि दिवस जायचा. आता साधा बटणाचा फोन. स्मार्टफोन घरी गावाकडं, रविवारी जाऊन चालू घडामोडींच्या पीडीएफ काढून आणतो. पैसे द्यायला अडतं असं लोक म्हणतात, पण यूपीआय १२३पे साध्या फोनवर पण चालतं, २०२२ पासून आहे, जरा वेळ लागतो एवढंच. तुमच्या नोकरीत चालणार नाही, पण कुणी विद्यार्थी वाचत असेल तर करून बघा.

कृष्णाकाठची_परिचारिका · रात्री ९:१५

गावभागच्या ताई, मीपण पूरपट्ट्यातलीच, तुमच्यापासून लांब नाही. सगळ्यांनी चांगलं सांगितलंय पण मला तुमची शेवटची ओळ सोडून पुढं जाता येईना. छातीत धडधडणं, रोज एकाच वेळेला जाग येणं, थंडीतसुद्धा, हे रीलमुळं झालंय असं मला वाटत नाही. ज्या माणसाच्या घरात रात्री पाणी शिरलं ते माणूस रात्री दचकून उठतं, आमच्या वॉर्डात २०१९ नंतर कितीतरी बायका हेच सांगायच्या. रील त्या भीतीवर घातलेलं पांघरूण आहे. नुसतं पांघरूण काढलं तर थंडी वाजणारच.

म्हणून एकदा बोला कुणाशी तरी. टेली मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जाग आली तर तो नंबर लावला तरी चालतो. फोनच्या सवयीसाठी बंगळूरला निमहान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेत २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, म्हणजे डॉक्टर लोक याला गंभीरपणे घेतात, लाजायचं काही कारण नाही.

आणि पावसाळ्यातलं आम्ही आमच्या गल्लीत काय करतो ते सांगते. सात घरं आहोत. पाणी ३० फुटांच्या वर चढायला लागलं की पाळी लावतो, रोज रात्री एका घरानं जागं राहायचं, आकडा बघायचा, बाकी सहा घरांनी झोपायचं. ठरवलेल्या फुटाला पोचलं की त्या घरानं फोन करायचा, उचलला नाही तर दार वाजवायचं. आधी आम्ही सातही घरं रात्रभर जागी असायचो, सातही घरांत तोच आकडा. मला पहिल्या वर्षी विश्वास ठेवायला जड गेलं, दोन रात्री मी चोरून बघितलं. मग झोप लागायला लागली. दुसऱ्या कुणीतरी बघतंय म्हटल्यावर लागते हो झोप.

कडेगावकर · रात्री ९:४०

हे भारी आहे. आमच्याकडं भोंगा आहे, तुमच्याकडं दार वाजवणारा शेजारी.

गावभाग_सांगली · चार दिवसांनी, रात्री ८:४५

सगळ्यांना कळवते म्हटलेलं.

साताऱ्याच्या काका, तुमच्या शब्दात सांगितलं मुलीला. ती आधी "असू दे" म्हणाली आणि खोलीत गेली. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाली पुढच्या वर्षी तू ग्राऊंडवर येशील का बघायला. मी म्हटलं पुढचं वर्ष कशाला, उद्या सरावाला येते. शनिवारी गेले, फोन घरी ठेवून. चढाई करताना ती डावीकडनं खोटी हूल देते, मला माहितीच नव्हतं.

कोनाडा झालाय, देवघराशेजारी. मिस्टरांनी पहिले दोन दिवस कुरकुर केली, काल स्वतःहून ठेवला. यूट्यूबचं करून दिलं, मोकळं पान बघून ते म्हणाले बिघडला काय. संध्याकाळी साडेसात ते नऊ चौघांचे फोन तिथंच. धाकटा आजीकडनं पत्त्यांचा डाव शिकतोय. कालचा रिपोर्ट २ तास ५० मिनिटं. मधल्या एका रात्री मात्र उठून कोनाड्याजवळ गेले आणि उभी राहून चाळीस मिनिटं बघितलं, खरं ते सांगते.

१४४१६ ला परवा लावला. बोलताना रडू आलं, २०१९ चं कुणाला नीट सांगितलंच नव्हतं मी. पुढच्या आठवड्यात परत बोलायचंय.

पाळीचं गल्लीत तीन घरांशी बोलले, दोन लगेच हो म्हणाले, तिसऱ्या वहिनी म्हणाल्या आधी एक पावसाळा बघू. मग आता एक विचारायचं होतं मिरजेच्या दादांना, रात्री फोन सायलेंटला ठेवला तरी फक्त या दोन घरांचे कॉल वाजतील असं करता येतं का?

मिरज_जंक्शन · रात्री ९:०२

येतं ताई. त्या दोघांचे नंबर कॉन्टॅक्टमध्ये उघडून वर चांदणी आहे ती दाबा. मग सेटिंग्जमध्ये डू नॉट डिस्टर्ब, त्यात कॉल्स, तिथं स्टार केलेले कॉन्टॅक्ट निवडा. खाली रिपीट कॉलर असेल तोपण चालू ठेवा, दुसऱ्या कुणी पंधरा मिनिटांत दोनदा फोन केला तर तोही वाजतो. कंपनीप्रमाणं नावं थोडी इकडंतिकडं असतात, नाही सापडलं तर स्क्रीनचा फोटो टाका, लगेच सांगतो. आणि लावून झालं की एकदा त्या दोन घरांपैकी कुणाला तरी फोन करायला सांगून बघा, पावसाळ्याची वाट बघू नका.